‘खाऊलालाय’ला शून्य मार्क: सोलापुरातल्या एका भाषा-अभ्यासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाईंना मी ‘मॅडम’ म्हणणार आहे. लिहायला हो म्हणताना त्यांनी एकच अट घातली. त्यांचं नाव, कॉलेज, शाळा, मुलं, काहीच ओळखू यायला नको. मी स्वतः दुसऱ्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. या सगळ्यात माझा हात कुठं होता ते पुढं येईलच. मी नुसता बघणारा नव्हतो एवढं आधीच सांगून ठेवतो.

मॅडम सोलापूरच्या पूर्व भागातल्या. अशोक चौक, दत्तनगर, कन्ना चौक, साखर पेठ हा सगळा पट्टा तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांचा. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत दखनी, म्हणजे दख्खनच्या उर्दूच्या, वळणाची हिंदी. भिंतीला भिंत लागून अक्कलकोटकडचं लिंगायत कुटुंब होतं, त्यामुळं कानडी सगळी कळायची आणि भांडणापुरती बोलताही यायची. इंग्रजी आली ती पाचवीत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाली, मॅडम त्याच्या आधीच्या. भाषाविज्ञानात एम. ए. पुण्याला, पीएच. डी. हैदराबादला आणि मग नोकरी परत सोलापुरात. “बाहेर राहून काय करणार सर, माझी प्रयोगशाळा तर माझ्या गल्लीत आहे,” असं त्या म्हणायच्या.

त्यांचा विषय दुसरी आणि तिसरी भाषा माणूस कसा शिकतो हा. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली एक साधी पण मोठी गोष्ट मांडली. शिकणाऱ्याच्या चुका हा कचरा नसतो. त्याच्या डोक्यात या घडीला कुठले नियम चालू आहेत ते त्यातून दिसतं. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी त्या मधल्या अवस्थेला नावच दिलं, मराठीत आपण तिला अंतर्भाषा म्हणतो. ती धड घरच्या भाषेसारखी नसते, धड शिकायच्या भाषेसारखीही नसते, पण तिला स्वतःची शिस्त असते.

तिसऱ्या भाषेचा प्रश्न याच्या पुढचा. डोक्यात दोन भाषा आधीच असतील तर तिसरीवर ओढ कुणाची, म्हणजे तिच्यात वळण कुणाचं उतरतं? सुझन फ्लिन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कझाक आणि रशियन येणारे लोक इंग्रजी कशी शिकतात ते पाहिलं आणि म्हटलं, आधीची कुठलीही भाषा कामी येऊ शकते. कमिला बार्डेल आणि युलवा फाल्क यांनी २००७ मध्ये म्हटलं, ओढ दुसरीची, कारण तीही तिसरीसारखीच नंतर शिकलेली असते. पुढं जेसन रॉथमन म्हणाले, क्रम सोडा, रचनेनं जी भाषा तिसरीच्या जवळची वाटते तीच ओढते.

आता हे सोलापुरात आणून बघा. तेलुगू घरचं मूल शाळेत मराठी शिकतं आणि पाचवीत त्याला हिंदी येते. त्याच्या हिंदीवर मराठीची ओढ दिसली तर बार्डेल-फाल्कही खूश आणि रॉथमनही खूश, कारण मराठी त्याची दुसरी भाषाही आहे आणि हिंदीच्या जवळचीही आहे. निकाल लागत नाही. मग उलट मूल पाहिजे, म्हणजे घरी मराठी आणि गल्लीत खेळता खेळता तेलुगू शिकलेलं. त्याच्या हिंदीवर तेलुगूची ओढ दिसली तर दुसऱ्या भाषेचा जोर, मराठीची दिसली तर जवळिकीचा. अशी मुलं जगात फार ठिकाणी सापडत नाहीत. पूर्व भागात ती गल्लीगल्लीत सापडतात. मॅडमनी दोन्ही गट घेऊन आराखडा केला. आराखडा उत्तमच होता, मी आजही तसंच म्हणेन.

अडचण

तीन शाळा घेतल्या. प्रत्येक मुलाला चित्रं दाखवायची, मुलानं चित्रात काय चाललंय ते आधी मराठीत आणि दुसऱ्या दिवशी हिंदीत सांगायचं. सगळं रेकॉर्ड करायचं, मग कागदावर उतरवायचं, मग प्रत्येक क्रियापद, प्रत्येक विशेषण तपासून बरोबरला एक आणि चुकीला शून्य द्यायचं. एकट्यानं मार्क दिले तर संशोधनात चालत नाही, दुसरा कान लागतो. तो दुसरा कान मी. मराठीचा प्राध्यापक, प्रमाण भाषेत मुरलेला, यापेक्षा चांगला माणूस कोण मिळणार असं आम्हा दोघांनाही वाटलं. आमच्या मार्कांचा मेळही झकास बसला. मेळ बसला म्हणजे काम चोख झालं, असं आम्ही धरून चाललो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मॅडम घरी बसून उरलेली रेकॉर्डिंग उतरवत होत्या. लेख जवळपास तयार होता. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. “सर, मी एक तुकडा पाठवते. कानाला लावून ऐका. आणि माझी कीव करू नका.”

तुकडा अर्ध्या मिनिटाचा असेल. चौथीतला मुलगा. चित्रात आंबा खाणारा पोरगा. मुलगा सांगतो, “पोरगा आंबा खाऊलालाय.” मॅडम म्हणतात, “छान.” मग कागद चाळल्याचा आवाज. मुलगा बहुधा टेबलाखाली वाकला असावा, कारण मॅडमचा आवाज येतो, अगदी घरगुती, “काय करलालास बे तिथं? वर ये की.”

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. ‘खाऊलालाय’, ‘करलालास’ ही सोलापूरची चालू वर्तमानकाळाची रूपं. ‘खाऊ लागलाय’ झिजून झालेली. पुण्याचा माणूस ‘खातोय’ म्हणतो तिथं सोलापूरचा माणूस ‘खाऊलालाय’ म्हणतो. हे चुकून निघत नाही. घरी तेलुगू असो, मराठी असो की कानडी, गावात आलेला प्रत्येक जण ते उचलतो.

मी माझी मार्कांची वही काढली. त्या मुलाच्या ‘खाऊलालाय’पुढं माझ्या हातचं शून्य होतं. मॅडमच्या वहीतही शून्य. आणि शून्य देणाऱ्या बाईंनी पुढच्या दहा सेकंदांत त्याच मुलाशी बोलताना तेच रूप वापरलं होतं. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणजे मोजमापच चुकलं होतं. त्या मुलांना कानावर जी मराठी पडली ती त्यांनी बिनचूक उचलली होती, आणि आम्ही पुस्तकातली मराठी लावून त्यांना नापास केलं होतं. रॉबर्ट ब्ले-व्हरोमन यांनी १९८३ मध्येच बजावलं होतं की शिकणाऱ्याची भाषा सतत लक्ष्यभाषेच्या, म्हणजे शिकायच्या भाषेच्या, फूटपट्टीनं मोजली तर तिची स्वतःची शिस्त दिसतच नाही. मॅडम हे वर्गात शिकवत होत्या. वर आमच्या हातातली फूटपट्टी तर भलत्याच गावची निघाली.

लेखाचा मुख्य मुद्दा होता की तेलुगू घरच्या मुलांना मराठीचा चालू वर्तमानकाळ जड जातो. तो जागच्या जागी कोसळला.

दुसरी भेग

एक भेग दिसली की माणूस भिंत ठोकून बघतो. मॅडमनी मुलांचे गट पाडले होते ते शाळेच्या रजिस्टरातल्या ‘मातृभाषा’ या रकान्यावरून. लॉकडाऊन सैल झाल्यावर त्या काही घरी जाऊन आल्या. एका घरी मीही होतो, कुंभारीजवळच्या विडी कामगारांच्या त्या दहा हजार घरांच्या घरकुलात.

मुलीची आई दारातच बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. बोलताना हात एकदाही थांबला नाही. पान घ्यायचं, चिमूट टाकायची, वळायचं, टोक दाबायचं, दोरा. मुलगी आईच्या पाठीला टेकून विड्यांची तोंडं मुडपून देत होती. मॅडमनी फॉर्म काढला आणि प्रमाण मराठीत विचारलं, “तुमच्या घरची भाषा कोणती?”

बाईंनी वर बघितलं. “कुठली म्हंजे? कुणाशी?”

मॅडमनी पेन खाली ठेवला. मग तासभर नुसतं ऐकलं. आई मुलीशी तेलुगू. मुलगी आईला उत्तर देते ते निम्मं मराठी. मुलगी आणि भाऊ आपसात मराठी, भांडण वाढलं की तेलुगू. शेजारच्या मैत्रिणीशी हिंदी. विड्या मोजून घेणाऱ्याशी आई हिंदी बोलते, दवाखान्यात मराठी. शाळेत नाव घालताना बापानं ‘मराठी’ सांगितलं होतं, कारण “मराठी शाळा आहे तर मराठीच लिहितात की.” रजिस्टरात ही मुलगी मराठी. आमच्या गटातही मराठी.

तिची पहिली भाषा कुठली, दुसरी कुठली? हिंदी तर तिनं पाचवीच्या कितीतरी आधी टीव्हीवरून आणि गल्लीतून घेतली होती. पाचवीत ‘तिसरी भाषा’ म्हणून जे पुस्तक हातात पडलं ती भाषा तिला आधीच येत होती. कोठारी आयोगानंतर १९६८ च्या शिक्षण धोरणानं त्रिभाषा सूत्र, म्हणजे शाळेत तीन भाषा शिकवायचा नियम, आणलं, ते शाळेचं वेळापत्रक म्हणून ठीक आहे. मुलाच्या डोक्यात भाषा त्या वेळापत्रकानं शिरत नाहीत. आम्ही मात्र वेळापत्रकालाच क्रम समजलो होतो.

समोरचे पर्याय

इथं खरी घालमेल सुरू झाली. मॅडमची बढती अडून होती आणि त्यासाठी मान्य यादीतल्या नियतकालिकात लेख लागत होता. शिवाय युरोपातल्या एका विद्यापीठाकडून दोन वर्षांच्या कामाची विचारणा आली होती, ती याच अभ्यासाच्या जोरावर.

लेख आहे तसा पाठवणं हा पहिला मार्ग. हे ऐकायला वाईट वाटतं, पण त्या वेळी आम्ही त्यावर गंभीरपणे बोललो, ते लपवत नाही. खोटं काही लिहायचं नव्हतं. ‘प्रमाण मराठीच्या निकषावर’ एवढे शब्द घातले की वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं ठरत होतं. परदेशातल्या परीक्षकाला सोलापूरची मराठी कुठं माहीत? मीच म्हणालो होतो, “एक तळटीप टाका आणि पुढं व्हा.” मॅडम दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “सर, त्या लेखाचं मराठीत वर्तमानपत्र काय करेल? ‘तेलुगू मुलांचं मराठी कच्चं.’ आणि ते माझ्या शाळेत वाचलं जाईल.” तो पर्याय तिथं संपला.

दुसरा, सगळं टाकून नव्यानं बंदिस्त प्रयोग करायचा. बनावट शब्द, बनावट व्याकरण, संगणकावर बटणं. त्यात फूटपट्टीचा घोळ होत नाही. पण मग सोलापुरात कशाला राहायचं? तो प्रयोग कुठंही होतो.

तिसरा, परदेशची संधी घेऊन आपला डेटा तिकडच्या गटाच्या पदरात टाकायचा. मोह मोठा होता. मॅडमच्या घरचे म्हणत होते, जा. माझंही मत जा असंच होतं. पण ती विचारणा ज्या आकड्यांवर आली होती त्यांवर त्यांचाच विश्वास उरला नव्हता. त्यांनी तिकडं तसं स्पष्ट कळवलं. उत्तर सभ्य आलं, पण त्यानंतर पत्रव्यवहार हळूहळू आटला.

चौथा मार्ग कंटाळवाणा होता. रेकॉर्डिंग तीच ठेवायची, मार्क पुसायचे आणि आधी गावातली मोठी माणसं कशी बोलतात ते नोंदवून मग मुलांकडं वळायचं. त्यांनी तोच घेतला.

काय केलं

मोठ्यांची रेकॉर्डिंग करताना पहिली पंचाईत अशी झाली की माइक दिसला की सोलापूरकर पुणेकर होतो. तीच चित्रं, तीच माणसं, पण ‘मुलगा आंबा खात आहे’ अशी उत्तरं. मॅडमनी चित्रं ठेवून दिली आणि काम करता करता बोलणं धरलं. माग बंद असताना चहाच्या टपरीवरचं, विड्या वळताना बायकांचं, किराणा दुकानातलं, अर्थात प्रत्येकाला आधी सांगून. शाळेच्या शिक्षकखोलीतही एक दुपार रेकॉर्ड झाली. त्यात एक गुरुजी सहकाऱ्याला म्हणतात, “पेपर तपासलालोय, थांब की.” त्याच गुरुजींच्या हातात त्या वेळी लाल पेन होतं, आणि समोरच्या वहीत असंच एक रूप खोडलेलं होतं.

मग मुलांच्या उत्तरांचे तीन ढीग केले. पुस्तकी मराठीत बसणारं, गावच्या मराठीत बसणारं आणि दोन्हींत न बसणारं. मॅडमना पाहिजे होता तो तिसरा ढीग. तिथंच शिकणाऱ्याची स्वतःची भाषा असणार होती. आणि या वेळी दुसरा कान माझा नव्हता. त्यांनी मला काढलं. गल्लीतच वाढलेली, बी. ए. झालेली एक मुलगी घेतली. मला वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. माझा कान पंचवीस वर्षं चुका शोधायला लावलेला होता.

ढीग करतानाही वाद झाले. एका मुलानं म्हटलं, “ताई आलं.” मी फोनवर म्हणालो, दक्षिण महाराष्ट्रात लहान पोरीला ‘पोरगं आलं’ म्हणतातच, शिवाय कोल्हापूरकडं बायका ‘मी आलो’ म्हणतात, मग हे गावचंच कशावरून नाही? मॅडमनी मोठ्यांची रेकॉर्डिंग चाळली. ‘पोरगं आलं’ होतं. ‘ताई आलं’ एकदाही नव्हतं. ते तिसऱ्या ढिगात गेलं आणि ते नेमकं महत्त्वाचं ठरलं.

तेलुगूत एकवचनात पुरुष एका बाजूला आणि बाकी सगळं जग दुसऱ्या बाजूला. तेलंगणी वळणानं धाकटा भाऊ आला तर ‘तम्मुडु वच्चिंडु’. बहीण आली तर ‘वच्चिंदि’ आणि बस आली तरी ‘वच्चिंदि’च. बाई आणि वस्तू यांना क्रियापद एकच. त्या घरातून आलेल्या मुलाला मराठीतलं ‘आली’ आणि ‘आलं’ वेगळं ठेवणं जड जाणार, हे कागदावर आधीपासून दिसत होतं. पण कागदावर दिसणं आणि सिद्ध होणं वेगळं. इथं कानडी शेजार कामी आला. कानडीत ‘अक्का बंदळु’ आणि ‘बस्सु बंतु’, बाई वेगळी आणि वस्तू वेगळी. म्हणून घरी कानडी बोलणारी काही मुलं त्याच शाळांतून घेतली. त्यांच्याकडं विशेषणाचे घोळ होते, ‘मोठा खोली’, ‘चांगला पुस्तक’ असे, कारण कानडी आणि तेलुगू दोन्हींत विशेषण नामाप्रमाणं बदलत नाही. पण ‘ताई आलं’ त्यांच्या तोंडी सापडलं नाही. म्हणजे तो ठसा तेलुगूचाच.

उलट बाजूनंही एक गंमत निघाली. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद, ऐकणारा धरून आणि ऐकणारा सोडून, तेलुगूत जसाच्या तसा आहे, ‘मनम’ आणि ‘मेमु’. आजच्या कानडीत दोन्हींना ‘नावु’. तेलुगू घरची मुलं हा भेद न शिकवता बरोबर वापरत होती, कानडी घरची अडखळत होती. आधीची भाषा फक्त पाय ओढत नाही, पुढंही ढकलते. आमच्या पहिल्या मार्कांच्या वहीत याला रकानाच नव्हता, कारण आम्ही चुकाच मोजत होतो.

फळ काय निघालं

दुसऱ्या भाषेचा भाग, म्हणजे मराठीचा, धड उभा राहिला. त्यावर लेख झाला, तो छापूनही आला, मॅडमना हवा होता त्यापेक्षा लहान नियतकालिकात आणि हव्या त्यापेक्षा बऱ्याच उशिरा. बढतीचा त्या वर्षीचा फेरा गेला.

तिसऱ्या भाषेचा प्रश्न, ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता, तो मात्र अजून लोंबकळतोय. कारण असं. तेलुगू घरची मुलं हिंदीत ‘मेरा आवाज’ म्हणत होती. आवाज मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. वरवर पाहता मराठीची ओढ, लेखाला मासा गळाला लागला. पण एकदा तोंड पोळलं होतं. मॅडमनी गल्लीतल्या मोठ्यांची हिंदी ऐकली. पिढ्यान्पिढ्या दखनी बोलणारी आणि मराठीचा शब्द कधी सहज न वापरणारी माणसंही ‘मेरा आवाज’ म्हणत होती. मग मुलानं मराठीतून उसनं घेतलं, की गल्लीची हिंदीच तशी आहे आणि मुलानं ती बिनचूक उचलली? ती उसनवारी आज झाली की शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवली?

याच जातीचा प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये मांडला होता. तिथं मराठी, कानडी आणि उर्दू एकत्र नांदून वाक्यरचनेत इतक्या जवळ आल्या की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावं. त्यांनी गावाची भाषा पाहिली. एका मुलाच्या डोक्यातली ओढ मोजायला निघालेला माणूस अशा गावात उभा राहिला की त्याच्या पायाखालची जमीनच सरकते. तिसऱ्या भाषेचे जे सिद्धांत वर सांगितले ते जिथं भाषा एकामागून एक येतात अशा शिकणाऱ्यांवर उभे आहेत. सोलापुरात त्या जत्रेसारख्या एकदम येतात.

शिक्षकांसाठी मॅडमनी एक बैठक घेतली. तिथं एका अनुभवी बाईंनी सरळ विचारलं, “बोर्डाच्या पेपरात पोरानं ‘करलालाय’ लिहिलं तर मार्क कोण देणार, तुम्ही?” मॅडमकडं खास उत्तर नव्हतं. मधला मार्ग म्हणून वहीत मधोमध रेघ ओढायची ठरली, डावीकडं ‘आपण बोलतो’ आणि उजवीकडं ‘पेपरात लिहितो’. खोडायचं काही नाही. एका शाळेत ते अजून चालू आहे. बाकी दोन शाळांत पुढच्या सत्रात बंद पडलं, मुख्याध्यापक बदलले हे एक कारण आणि रेघा ओढायला वेळ कुणाला हे दुसरं.

एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय आला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. त्या दोन महिन्यांत मॅडमना बरेच फोन आले. लहान वयात तिसरी भाषा चांगली की वाईट, एका वाक्यात सांगा. त्यांनी एका वाक्यात सांगायला नकार दिला. त्या म्हणायच्या, पूर्व भागातल्या मुलाला आणि माळशिरसच्या वाडीवरच्या मुलाला हिंदी ही सारख्याच अंतरावरची भाषा नाही, आधी ते बघा. कुणी छापलं नाही. माझ्या मते त्यांनी त्या वेळी स्वतः उठून लिहायला पाहिजे होतं. त्यांच्याइतकं हे जवळून पाहिलेली माणसं कमी, आणि गप्प राहिलं की जागा दुसरे भरतात. यावर आमचं आजही एकमत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मोठ्यांची भाषा आधी नोंदवायला हवी होती. एक महिना लागला असता, दोन वर्षं वाचली असती. असं का सुचलं नाही, हे मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “मला वाटलं मला माहीत आहे. मी इथलीच ना.” बाहेरचा संशोधक आला असता तर त्यानं पहिल्या दिवशी विचारलं असतं, इथं लोक कसं बोलतात? घरच्या माणसाला तो प्रश्न पडत नाही. त्यातून मॅडमनी स्वतःची ती बोली शाळेत आणि पुढं पुण्यात एवढी घासून काढली होती की ती फक्त पोरांशी बोलताना, बेसावध असतानाच बाहेर यायची.

माझी चूक वेगळी. दोन तपासणाऱ्यांचा मेळ बसतो म्हणजे ते बरोबर आहेत असं नव्हे. दोघंही एकाच शाळेतून घडलेले असतील तर दोघं मिळून एकच चूक करतात, आणि मेळाचा आकडा ती झाकून टाकतो.

परदेशच्या गटाला सगळं आधीच कळवणं बरोबर होतं की थोडं थांबून, नवे निष्कर्ष हातात घेऊन कळवायला हवं होतं? मॅडम म्हणतात बरोबर होतं. मला अजून ठरवता येत नाही. सहा महिने थांबल्या असत्या तर ‘माझं मोजमाप चुकलं’ याऐवजी ‘मला मोजमापातला दोष सापडला’ असं लिहिता आलं असतं. दोन्ही खरंच होतं.

आता नवा फॉर्म आहे. ‘मातृभाषा’ हा रकाना काढला. त्याजागी उभी यादी: आईशी, वडिलांशी, भावंडांशी, आजीशी, गल्लीत, दुकानात, बाईंशी, भांडताना. ‘भांडताना’ ही ओळ मॅडमची खास, आणि तीच सगळ्यांत जास्त माहिती देते. सगळ्यांत खाली ‘आणखी कुणाशी?’ म्हणून एक ओळ मोकळी सोडली होती. पहिल्याच गठ्ठ्यात तिसरीतल्या एका पोरानं तिथं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘मोबाईलशी. हिंदी. तो मराठी ऐकत नाय.’ पुढच्या छपाईत ‘मोबाईलशी’ ही ओळ घातली आहे.